विश्लेषण : ग्रंथालय खिशात आले, शोधायला कोण शिकवणार?

देशातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या निवासी डॉक्टरांसाठी जगभरातील हजारो संशोधन नियतकालिकांची दारे गेल्या वर्षापासून उघडली आहेत. त्यासाठी केंद्र सरकारने सहा हजार कोटी रुपयांची तरतूद केली. पण दार उघडले म्हणजे आत हवी ती वस्तू सापडतेच असे नाही. रुग्णासमोर पडलेल्या प्रश्नाचे उत्तर लाखो शोधनिबंधांतून नेमके कसे काढायचे, हे कौशल्य आहे. ते शिकवावे लागते, तपासावे लागते. आपल्या वैद्यकीय शिक्षणात नेमके हेच राहून गेले आहे. शिकाऊ डॉक्टर ऑनलाइन संदर्भ कसे शोधतात, त्यात कुठे चुकतात आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

हा विषय आताच का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारांच्या अखत्यारीतील ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक असा तिचा पसारा आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या संस्थेकडे समन्वयाचे काम आहे. एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली यांसारख्या बड्या प्रकाशकांची नियतकालिके त्यात येतात.

त्याआधीही अगदीच दुष्काळ नव्हता. २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ‘कॉक्रेन लायब्ररी’ची राष्ट्रीय सदस्यता घेतली आणि देशातल्या कोणालाही ती मोफत वाचता येऊ लागली. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘एरमेड’ या संघामार्फत सरकारी महाविद्यालयांना ई-नियतकालिके पुरवली. ‘पबमेड’ तर १९९७ पासून साऱ्या जगाला मोफत आहे.

म्हणजे ‘आमच्याकडे जर्नलच येत नाही’ ही सबब निदान सरकारी महाविद्यालयांत आता चालणार नाही. यापुढचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. जर्नल येते, पण त्यात शोधायचे कसे हे किती जणांना येते?

शोध चुकला तर खरेच जिवावर बेतते?

याचे सर्वात दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००१ मध्ये दम्यावर एक प्रयोग सुरू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका आकुंचन का पावत नाहीत, हे समजून घेण्यासाठी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध हुंगायला दिले गेले. हे औषध १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी वापरले जाई. पुढे ते बाजारातून गेले. तिथल्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असलेली २४ वर्षांची निरोगी तरुणी या प्रयोगात सहभागी झाली. औषध हुंगल्यानंतर तिची फुप्फुसे निकामी होत गेली आणि २ जून २००१ रोजी तिचा मृत्यू झाला.

प्रयोग करणाऱ्या डॉक्टरने आधी संदर्भ शोधले होते. नेहमीची पाठ्यपुस्तके चाळली, पबमेडवर पाहिले. धोक्याची खूण दिसली नाही. पण त्या वेळी या संगणकीय सूचीतल्या नोंदी साधारण १९६६ पासूनच्या होत्या. हेक्झामेथोनियममुळे फुप्फुसांना इजा होते, असे सांगणारे अहवाल त्याआधीच्या दशकात छापून आले होते. ते जुन्या छापील सूचीत, ग्रंथालयाच्या फडताळावर होते. घटनेनंतर काही ग्रंथपालांनी आणि डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा ते सापडलेही.

या मृत्यूला केवळ अपुरा शोध कारणीभूत होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. संमतिपत्रात त्रुटी होत्या, प्रयोगाला मान्यता देणाऱ्या समितीने पुरेशी चौकशी केली नव्हती. जुलै २००१ मध्ये अमेरिकी सरकारने तिथले सरकारी अनुदानावरचे मानवी प्रयोग काही दिवस थांबवले. तरीही एक धडा कायमचा आहे. प्रयोग करणारा डॉक्टर शिकाऊ नव्हता, अनुभवी होता. आपण ज्या सूचीत शोधतो आहोत ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे माहीत नसेल तर ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेतला जातो. नवख्या निवासी डॉक्टरकडून हीच चूक होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पबमेड, मेडलाइन, कॉक्रेन म्हणजे नेमके काय?

वैद्यकीय लेखांची सूची करण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकी लष्कराचे डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही छापील सूची सुरू केली. तिचेच संगणकीय रूप म्हणजे १९७१ मध्ये आलेले ‘मेडलाइन’. १९९७ मध्ये ‘पबमेड’ या मोफत संकेतस्थळामुळे ते सामान्य संगणकावर आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या या संकेतस्थळावर आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

इथे दोन गैरसमज नेहमी होतात. पहिला असा की पबमेडवर संपूर्ण लेख असतात. प्रत्यक्षात तिथे प्रामुख्याने लेखाची नोंद आणि सारांश असतो. पूर्ण लेख दुसरीकडे उघडावा लागतो. दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा. पबमेडवर आहे म्हणजे लेख विश्वासार्ह, असे नसते. ही सूची आहे, प्रमाणपत्र नव्हे. तिथे उत्तम चाचण्याही आहेत आणि सुमार लेखही.

लाखो नोंदींत सापडणे सोपे व्हावे म्हणून प्रत्येक लेखाला ठरावीक विषयशीर्षके दिली जातात. त्यांना ‘मेश’ म्हणतात. लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहिले असो वा ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, शीर्षक एकच. वाण्याच्या दुकानात डबे वेगवेगळे असले तरी चिठ्ठी एकच लावावी, तसे हे आहे. चिठ्ठी वाचता येणाऱ्याला वस्तू पटकन मिळते. न येणाऱ्याला प्रत्येक डबा उघडून पाहावा लागतो.

‘कॉक्रेन’चे काम वेगळे आहे. एका प्रश्नावर झालेल्या साऱ्या चाचण्या शोधून, त्यांचा दर्जा तपासून एकत्रित निष्कर्ष काढायचा, यासाठी १९९३ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हातच एक करुण कहाणी आहे. मुदतीपूर्वी प्रसूती होऊ घातलेल्या मातेला स्टिरॉइडचे स्वस्त इंजेक्शन दिले तर बाळ वाचण्याची शक्यता वाढते, हे दाखवणारी पहिली चाचणी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधून प्रसिद्ध झाली. पुढेही चाचण्या होत राहिल्या. पण त्या सगळ्या एकत्र मांडून पाहायला १९८९ उजाडले. पुरावा विखुरलेला होता, म्हणून मधल्या वर्षांत असंख्य बाळांना हे इंजेक्शन मिळालेच नाही.

शिकाऊ डॉक्टर प्रत्यक्षात शोधतात का?

या विषयावर अमेरिका आणि कॅनडात बराच अभ्यास झाला आहे. त्यातले चार निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला अभ्यास २००० मधला. अमेरिकेतील ६४ निवासी डॉक्टरांना ओपीडीत रुग्ण तपासल्यावर लगेच विचारले गेले, की तुम्हाला काही प्रश्न पडला का? दर तीन रुग्णांमागे साधारण दोन प्रश्न पडत होते. पण नंतर त्यांपैकी केवळ २९ टक्के प्रश्नांचा पाठपुरावा झाला. बाकीचे का सुटले? वेळ नव्हता, हे मुख्य कारण. आणि दुसरे, डॉक्टर ते विसरून गेले.

दुसरा अभ्यास २००२ मधला, ओरेगॉनचा. वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णांविषयीचे प्रश्न देऊन मेडलाइनवर शोधायला सांगितले. शोधण्यापूर्वी साधारण एक तृतीयांश उत्तरे बरोबर होती, शोधल्यानंतर निम्मी. म्हणजे फायदा झाला. पण एका प्रश्नाला सरासरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला.

तिसरा अभ्यास २००६ मधला आणि सर्वात अस्वस्थ करणारा. अमेरिका आणि कॅनडातल्या २३ डॉक्टरांना आपापल्या आवडीच्या ऑनलाइन साधनांवर उत्तरे शोधायला सांगितली. शोधण्यापूर्वी ३९ टक्के उत्तरे बरोबर होती, शोधल्यानंतर ४२ टक्के. एवढ्या खटाटोपातून तीन टक्क्यांची भर. काही चुकलेली उत्तरे सुधारली, हे खरे. पण सुमारे एक दशांश उत्तरे आधी बरोबर होती आणि शोधल्यानंतर चुकली. अभ्यास छोटा आहे, त्याचा फार ताण देऊ नये. तरी ‘शोधले म्हणजे सुधारले’ हे गृहीतक तो मोडून काढतो.

चौथा अभ्यास सर्वात जुना, १९९० मधला, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा. पुराव्यावर आधारित वैद्यक ही चळवळ पुढे याच विद्यापीठातून उभी राहिली. तिथे डॉक्टरांच्या पहिल्या शोधाची तुलना ग्रंथपालाच्या शोधाशी केली गेली. ग्रंथपालाला जितके उपयुक्त लेख मिळाले, त्याच्या ५५ टक्केच डॉक्टरांना मिळाले आणि निरुपयोगी लेख मात्र जास्त. पण चौथ्या शोधापर्यंत हा फरक उरला नाही.

हे अभ्यास जुने आहेत. तेव्हाचे पडदे, तेव्हाचा वेग आज नाही. पण प्रश्न नीट मांडणे, योग्य शब्द निवडणे आणि मिळालेल्यातून निवड करणे या तीन पायऱ्या बदललेल्या नाहीत. आणि चौथ्या अभ्यासात या साऱ्या चर्चेचे उत्तर दडलेले आहे. हे कौशल्य अवघड नाही. ते सरावाने येते, आणि लवकर येते.

चूक नेमकी कुठे होते?

कोकणातले एक काल्पनिक, पण ओळखीचे उदाहरण घेऊ. पावसाळ्याच्या तोंडावर रात्री अकरा वाजता सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील ग्रामीण रुग्णालयात येतात. लाकडे काढताना विंचू चावला आहे. मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने विंचूदंशाची गंभीर केस कधी पाहिलेली नाही. तो मोबाइल काढतो आणि इंग्रजीत टाइप करतो ‘विंचूदंश उपचार’.

त्याला पहिल्या पानावर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचे लेख मिळू शकतात. तिथे एक नावाजलेली चाचणी झाली, २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती आली. प्रतिविष दिलेल्या मुलांची लक्षणे झपाट्याने गेली, असे तिचे म्हणणे. लेख उत्तम, नियतकालिक जगातले अव्वल. पण अ‍ॅरिझोनाचा विंचू वेगळा. त्याचे विष मुख्यतः नसांवर आणि स्नायूंवर परिणाम करते. कोकणातला लाल विंचू थेट हृदयावर घाला घालतो. रक्तदाब वाढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. अमेरिकेतले प्रतिविष तिथल्या विंचवासाठी बनवलेले असते.

कोकणातल्या विंचवाचे उत्तर कोकणातच सापडले होते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. हृदयावरच्या परिणामांची पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात कळवला. आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये त्यांची चाचणी आली. लाल विंचवाचे प्रतिविष प्राझोसिनसोबत दिल्यास केवळ प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर सावरतो, असा तिचा निष्कर्ष होता. हे सारे पबमेडवर आहे. त्या रात्रीच्या डॉक्टरच्या मोबाइलमध्येही आहे. फक्त त्याने विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर म्हणून वर आले नाही.

त्याचे कुठे चुकले, ते क्रमाने पाहू.

एक, प्रश्न अर्धवट होता. रुग्ण कोण, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या परिणामासाठी, हे चार भाग शोधण्याआधी कागदावर मांडावेत, असे पुराव्यावर आधारित वैद्यक सांगते. ‘लाल विंचू चावलेले मूल, हृदयावर परिणाम, प्राझोसिन एकटे की प्रतिविषासह, लवकर बरे कशाने होते’ असा प्रश्न मांडला की निम्मे काम झाले.

दोन, शब्द एकच वापरला. या लाल विंचवाचे शास्त्रीय नाव काळानुसार बदलत गेले. जुन्या लेखांत तो ‘बुथस टॅम्युलस’, नंतर ‘मेसोबुथस टॅम्युलस’ आणि अलीकडे ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’. एकाच नावाने शोधणाऱ्याच्या हातून काही दशकांचे काम निसटू शकते. औषधांचेही तसेच. आपण पॅरासिटामॉल म्हणतो, अमेरिका अ‍ॅसिटामिनोफेन म्हणते. आपले अ‍ॅड्रिनॅलिन तिकडे एपिनेफ्रिन होते. पबमेड यातली बरीच नावे आपोआप जुळवून घेते, पण सगळी नाही. इतर ठिकाणी तेवढीही खात्री नाही.

तीन, गुगलची सवय आड आली. गुगलवर शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकला की शोध नेमका होतो. पबमेडवर अवतरणचिन्हे टाकली की शब्दांचे आपोआप होणारे मेश-जुळवणीचे काम बंद पडते आणि उपयोगाचे लेख गळू शकतात. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हे जोडशब्द तिथे कॅपिटल अक्षरांत लिहावे लागतात. ‘अँड’ने शोध आवळतो, ‘ऑर’ने पसरतो. किरकोळ वाटणारी ही गोष्ट कोणी दाखवून दिली नाही, तर वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

चार, पहिल्या पानावर थांबला. वर आलेला लेख सर्वांत खरा असतो असे नाही. तो टाइप केलेल्या शब्दांशी सर्वांत जास्त जुळणारा असतो.

पाच, लेख मागे घेतला आहे का, हे पाहिले नाही. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा अभ्यास छापला. जगभर चाचण्या थांबल्या. त्यामागची माहितीच पडताळता येईना, म्हणून दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. पबमेडवर अशा लेखावर तशी ठळक सूचना असते. पण कोणाच्या जुन्या पीपीटीतून संदर्भ उचलणाऱ्याला ती दिसणार कशी?

गुगल आणि एआय असताना एवढी उठाठेव कशाला?

गुगल निरुपयोगी नाही. २००६ मध्ये ‘बीएमजे’त एक गमतीदार अभ्यास आला होता. २६ अवघड केसेसमधली लक्षणे गुगलवर टाकून निदान शोधले, तर १५ वेळा ते बरोबर निघाले. मात्र शोधणारे डॉक्टर होते. कोणते शब्द टाकायचे आणि आलेल्यातले काय टाकून द्यायचे, हे त्यांना कळत होते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबाबत हीच गोष्ट अधिक तीव्रतेने लागू आहे. ती सफाईदार उत्तर देतात. पण कधी कधी अस्तित्वातच नसलेला लेख लेखकाच्या नावासह, वर्षासह, पान क्रमांकासह पुढे करतात. असा बनावट संदर्भ पकडण्याचा मार्ग एकच. तो मूळ सूचीत शोधून पाहणे. म्हणजे एआय आल्याने शोधण्याच्या कौशल्याची गरज संपलेली नाही. उलट, उत्तर आधी आणि पुरावा नंतर अशी उलटी चाल सुरू झाल्याने ती वाढली आहे.

आपल्याकडे हे शिकवले जाते का?

कागदावर, हो. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. आयसीएमआरची चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो चालवते आणि त्यात संदर्भ-आढाव्यावरही पाठ आहे. शिवाय प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो.

प्रत्यक्षात काय होते, हे कोणताही निवासी डॉक्टर खासगीत सांगेल. अभ्यासक्रमाचे व्हिडिओ ड्युटीच्या अधेमधे उरकले जातात. परीक्षा पर्यायी प्रश्नांची. पडद्यावर शोध घेऊन दाखवा, असे तिथे कोणी म्हणत नाही. प्रबंधातला ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ अनेकदा सीनिअरच्या जुन्या प्रबंधातून शब्द फिरवून उतरतो. मार्गदर्शक संदर्भांची संख्या पाहतात, शोध कसा घेतला हे विचारत नाहीत. आणि ग्रंथपाल? या साऱ्या खजिन्याच्या किल्ल्या ज्याच्याकडे, तो पुस्तके देण्या-घेण्याच्या खिडकीमागे बसलेला असतो.

इथे निवासी डॉक्टरांनाच दोषी धरणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. सलग चोवीस तासांहून अधिक ड्युटी करणाऱ्या, एका ओपीडीत शंभरेक रुग्ण पाहणाऱ्या मुलामुलींकडून प्रत्येक प्रश्नाला अर्धा तास द्या, अशी अपेक्षा कोणी करू नये. भारतात एका रुग्णाला डॉक्टर सरासरी दोनच मिनिटे देतात, असे २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय पाहणीतून पुढे आले होते. पण वेळ कमी असल्यामुळेच शोध नेमका हवा. ज्याला येते तो पाच मिनिटांत पोचतो; ज्याला येत नाही तो अर्धा तास घालवून चुकीच्या लेखापाशी थांबतो.

मग करायला काय हवे?

यासाठी नवी योजना, नवी इमारत किंवा नवे मंडळ लागत नाही. आहे त्याच व्यवस्थेत पाच गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, चार शोधांचा नियम. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक निवासी डॉक्टरने पहिल्या तीन महिन्यांत आपल्या खऱ्या रुग्णांबाबतचे चार प्रश्न शोधावेत, आणि प्रत्येक वेळी ग्रंथपालाने वा शिक्षकाने शेजारी बसून काय सुटले ते दाखवावे. सलाइनची सुई लावण्याची नोंद जशी लॉगबुकात होते, तशीच याची व्हावी. मॅकमास्टरचा अनुभव पाहता एवढ्यानेही मोठा फरक पडू शकतो.

दुसरी, ग्रंथपालाला वॉर्डात आणावे. अमेरिकेतल्या मिझुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात गर्ट्रूड लॅम यांनी १९७१ मध्येच हा प्रयोग सुरू केला. ग्रंथपाल राऊंडला डॉक्टरांसोबत फिरतो, प्रश्न टिपतो आणि संदर्भ आणून देतो. आठवड्यातून एक राऊंड असा झाला तरी पुष्कळ आहे. त्यासाठी रिक्त पदे भरावी लागतील, हे ओघानेच आले.

तिसरी, प्रबंधाला शोधाचे परिशिष्ट. कोणत्या सूचीत, कोणत्या तारखेला, कोणते शब्द वापरून शोधले, किती लेख मिळाले आणि किती का वगळले, हे एका पानावर लिहायला लावावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला एका परिपत्रकाने हे करता येईल. नैतिक समित्यांनीही प्रस्ताव मंजूर करताना हेच पान आधी मागावे. हेक्झामेथोनियमच्या वेळी असे पान कोणी मागितले असते तर ‘१९६६ च्या आधी पाहिलेत का’ असा प्रश्न निदान विचारला गेला असता.

चौथी, परीक्षेत स्थान. प्रात्यक्षिक परीक्षेत पाच मिनिटांचे एक टेबल संगणकाचे ठेवावे. प्रश्न द्यावा आणि विद्यार्थी शोधतो कसा ते पाहावे. आपल्याकडे जे परीक्षेत येते तेच शिकवले जाते, हे कडू असले तरी खरे आहे.

पाचवी, कुंपण थोडे मोठे करावे. सदस्यतेची योजना सध्या सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांपुरती आहे. खासगी महाविद्यालयांत शिकणारे बाहेर आहेत. आणि सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन बंधपत्राच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणारा तरुण तिथे पोचताच विद्यार्थी राहत नाही. ज्या ठिकाणी तो सर्वांत एकटा असतो, नेमका तिथेच हा आधार सुटतो. त्याचे लॉगिन बंधपत्राचे वर्ष संपेपर्यंत चालू ठेवायला फारसा खर्च येणार नाही.

यात रुग्णाचा संबंध काय?

डॉक्टर समोर बसून मोबाइल पाहतो, म्हणजे त्याला काही येत नाही, असा आपला समज असतो. तो सोडायला हवा. ‘थांबा, मी एकदा पाहून सांगतो’ म्हणणारा डॉक्टर बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. काळजी करायची तर तो काय पाहतो आणि कसे पाहतो याची करावी. आपण स्वतः गुगलवर लक्षणे टाकून डॉक्टरांकडे जातो, तेव्हाही हेच लागू होते. तो लेख कोणत्या देशातला, कोणत्या वयाच्या रुग्णांवरचा, किती जुना, एवढे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारता येतात.

सहा हजार कोटींच्या योजनेचा आढावा २०२७ अखेर घेतला जाईल तेव्हा किती लेख उघडले गेले याचे आकडे नक्की येतील. ते मोठेही असतील. पण किती निवासी डॉक्टरांना शोधायला शिकवले, त्यांची परीक्षा घेतली का आणि किती महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद भरलेले आहे, हे तीन आकडेही त्याच अहवालात मागायला हवेत. ते मागण्यासाठी अजून वेळ आहे. रात्री अकरा वाजता कोकणातल्या रुग्णालयात पोचणाऱ्या मुलासाठी पहिल्या आकड्यापेक्षा हे तीन जास्त महत्त्वाचे आहेत.